क्लच हळू सोड गं आई!

या वेळी तीन पत्रं एकत्र घेतेय कारण तिन्हींचा विषय एकच आहे, चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदा मोटरसायकल शिकणारं घरातलं माणूस. पहिलं पत्र मुलीचं, दुसरं बायकोचं, आणि तिसरं खुद्द शिकणाऱ्याचंच. मी स्वतः ४३व्या वर्षी शिकले, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, माझी आई ४८ वर्षांची आहे. आयुष्यभर मागे बसली, आधी बाबांच्या मग माझ्या. दोन महिन्यांपूर्वी अचानक म्हणाली मला मोटरसायकल शिकायचीय, स्कूटर नको, गिअरचीच पाहिजे. लहानपणी सायकल भरपूर चालवलीय तिने, बाकी काहीच नाही. बाबा म्हणाले या वयात हाडं मोडून घ्यायचीत का, पण ती ऐकेना म्हणून मीच शिकवायला घेतलं, मी कॉलेजपासून चालवते त्यामुळे मला वाटलं त्यात काय एवढं. पण रोज भांडण होतंय हो. मी म्हणते क्लच हळू सोड, ती झटकन सोडते की गाडी बंद. मी म्हणते पुढे बघ, ती हँडलकडे बघते. परवा दहाव्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी जरा ओरडले तर खाली उतरली आणि म्हणाली तू पाढे चुकायचीस तेव्हा मी अशी ओरडायचे का (खरं सांगू का, ओरडायची!). आता चार दिवस झाले, गाडीचा विषयच निघत नाहीये घरात. तिला जमणारच नाही का? वय आड येतं का? आणि माझं नक्की काय चुकतंय?

उत्तर : पाढ्यांचं वाचून खूप हसले. मग आठवलं की मी शिकत होते तेव्हा आमच्याकडे पण हेच झालेलं, फक्त ओरडणारा नवरा होता.

तुझं चुकतंय असं नाही म्हणणार मी, पण तू शिकवायला चुकीचं माणूस आहेस. राग मानू नकोस. गाडी चालवणं तुझ्या हातापायात गेलंय, तोंडात नाही राहिलं. आता मला सांग, तू चांगल्या स्पीडमध्ये असताना उजवीकडे वळतेस तेव्हा हँडलचं काय करतेस? तू म्हणशील उजवीकडे फिरवते. नाही फिरवत. साधारण सायकल जोरात पळवण्याच्या वेगापुढे गेलं की उजवीकडे जायला हँडलचं उजवं टोक हलकेच पुढे ढकलावं लागतं, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि मग वळते. तू रोज हे करतेस आणि तुला माहीतच नाही. विमानवाले राइट बंधू मुळात सायकलवाले ना, त्यातल्या विल्बरने कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं होतं की डावीकडे कसे वळता, आणि एकालाही ते धड सांगता आलं नव्हतं. मग तू २०व्या वर्षी जे नकळत शिकलीस ते आईला शब्दात कुठून सांगणार, म्हणून तू म्हणतेस "हळू सोड". किती हळू? कुठपर्यंत? तिच्या कानाला ती सूचना नाही, तिला ती नुसती कुरकुर वाटते.

१९८१ साली अमेरिकेतल्या हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाचा एक मोठा अहवाल आला होता, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० हून जास्त मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन केलेला अभ्यास. त्यात अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच शिकलेले किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले निघाले. आता त्या काळी रीतसर शिकायला जाणारेच कमी होते त्यामुळे या एका आकड्यावरून घरचं शिकवणं म्हणजे अपघात असं काही मी म्हणत नाहीये, पण माझं मत विचारशील तर पहिले पाच-सहा धडे तरी परक्या माणसाकडून घ्यावेत. शक्यतो शिकवणं हेच ज्याचं काम आहे अशाकडून. परक्यासमोर गाडी बंद पडली की माणूस पुन्हा स्टार्ट मारतो, लेकीसमोर बंद पडली की अपमान होतो, आणि अपमान झालेल्या हाताने क्लच हळू सुटत नाही, करून बघ.

मास्तर मिळेपर्यंत थांबायचं नसेल तर एकच गोष्ट कर. मोकळं सपाट मैदान, गाडी चालू, पहिला गिअर, आणि रेस अजिबात द्यायची नाही. तिला फक्त क्लच सोडत सोडत अशा जागी यायला सांग जिथे इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते, त्यालाच आपण हाफ क्लच म्हणतो. तिथे आली की सोडायचा नाही, परत दाबायचा. पुन्हा तेच. गाडी वीतभर सरकली तरी पुष्कळ. बऱ्याच गाड्या सपाटीवर रेस न देताच सरकायला लागतात त्यामुळे एकाच हाताकडे लक्ष द्यावं लागतं आणि डोकं मोकळं राहतं. हे तीस-चाळीस वेळा झालं की ती जागा तिच्या बोटांना सापडेल आणि मग तुला "हळू" म्हणायची गरजच नाही पडणार. नवशिक्याचं अर्धं शिक्षण या वीतभर सरकण्यात असतं. आपण मात्र पहिल्याच दिवशी त्याला दुसऱ्या गिअरमध्ये टाकून मैदानभर फिरवतो आणि वर म्हणतो बघ किती सोप्पंय.

आता वयाचं. बाबा म्हणतात ते अगदीच टाकाऊ नाही, या वयात पडलं तर भरून यायला वेळ जास्त लागतो हे खरंच आहे, त्यामुळे मैदानात सुद्धा हेल्मेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट, आणि कुठेही लोंबणारा कपडा नको. पण शिकण्यात वय आड येतं ते वेगळ्याच ठिकाणी. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं हे तुला अजून कळायचं नाही, आईला स्पीडोमीटरवरचा आकडा किंवा न्यूट्रलचा छोटा दिवा कदाचित नीट दिसतच नसेल, म्हणून ती सारखी खाली बघत असेल! तिला विचार. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर खालच्या काचेतून जमीन विचित्र दिसते, तेव्हा चष्मा लावून हेल्मेटमध्ये काय दिसतं ते आधी गाडी उभी असतानाच बघून घ्या. न्यूट्रल दिव्याने नाही, पायाने ओळखायला शिकवा. दुसरं म्हणजे हात. क्लच शंभरदा दाबून तिची बोटं अर्ध्या तासात दुखायला लागणार आणि दुखरी बोटं लिव्हर झटकन सोडतात, तुला वाटतं ती ऐकत नाहीये. क्लचची केबल आणि लिव्हर मेकॅनिककडून तिच्या हाताला बेतून घ्या, आणि एका वेळी तीस-चाळीस मिनिटांच्या वर बसवू नकोस. थकल्यावरचा अर्धा तास फक्त चुका पक्क्या करतो. दुसऱ्या दिवशी ताज्या अंगाने बसली की कालचं न जमलेलं निम्मं आपोआप जमलेलं असतं, हे मला स्वतःला इतक्यांदा झालंय की नंतर नंतर मी मुद्दाम मध्येच सोडून यायचे.

आणि सायकल. सायकल येते म्हणून तोल येतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे, पण त्यातच एक गोची लपलेली असते. सायकलचे दोन्ही ब्रेक हातात असतात. घाबरली की ती जुन्या सवयीने दोन्ही मुठी आवळणार, आणि मोटरसायकलवर डावी मूठ म्हणजे क्लच, म्हणजे गाडी थांबायच्या ऐवजी इंजिनपासून सुटून मोकळी पळणार, आणि उजव्या मुठीत पुढचा ब्रेक, तो असा गच्चकन दाबला की चाक अडकून आडवी. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो हे सायकलवाल्या मेंदूला माहीतच नसतं. तेव्हा थांबायचं कसं हे चालवायचं कसं याच्या आधी शिकवायला लाव. गाडी बंद ठेवून, मागून कुणीतरी ढकलत, नुसतं थांबणं. क्लच, दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत, मग डावा पाय जमिनीवर. कंटाळवाणं वाटेल पण करा.

घरातल्या अबोल्याचं माझ्याकडे औषध नाही, ते तू "माझंच शिकवणं चुकलं" म्हणून संपव. खोटं पण नाही ते. आणि धड्याच्या वेळी मैदानाच्या कडेला बसायचं असेल तर मोबाईलमध्ये बघत बस, तिच्याकडे नको.

प्रश्न : आमचे हे ५२ वर्षांचे आहेत. गेली २५ वर्षं कार चालवतात, चांगली चालवतात, पण दुचाकी कधी हातात घेतलेली नाही. मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि यांना आता मोटरसायकल घ्यायचीय, ती पण साधी नाही, चांगली दोनशे किलोची मोठी गाडी, आयुष्यात एकदाच घ्यायची तर मनासारखी घेईन म्हणतात. म्हणतात रस्त्याचे नियम मला माहीत आहेत, फक्त तोल शिकायचा. आणि वर पहिल्याच महिन्यात तू मागे बसून लांब फिरायला यायचं असा आग्रह. मला भीती वाटते पण त्यांचा उत्साह मोडवत पण नाही. थांबवू का मी त्यांना?

उत्तर : थांबवू नका, थांबणार पण नाहीत. भांडायचंच असेल तर "घेऊ नका" यावर नको, "पहिली कुठली घ्यायची" यावर भांडा. तिथे तुम्ही जिंकाल कारण मुद्दा तुमच्या बाजूने आहे.

दोनशे किलोची गाडी पळायला लागली की हलकीच वाटते, शोरूमच्या बाहेर चक्कर मारून माणूस फसतो तो तिथेच. तिचं वजन कळतं ते पार्किंगमधून मागे घेताना, उतारावर वळवताना, सिग्नलला एक पाय खड्ड्यात पडला तेव्हा. शिकणारा माणूस पहिले काही महिने नेमका याच हळू वेगात जगत असतो. सव्वाशे-दीडशे किलोची, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील अशी जुनी गाडी सहा महिने वापरा, ती चारदा पडली तरी कुणी रडत नाही, मग विका आणि घ्या तुमची मनासारखी. मनासारखी गाडी पहिल्याच आठवड्यात आडवी झालेली बघणं फार वाईट असतं, मी एका ओळखीच्या गृहस्थांचं तोंड पाहिलंय.

आता "फक्त तोल शिकायचा" याबद्दल. तोल दोन दिवसांत येतो. २५ वर्षांची कार जायला मात्र वेळ लागतो. कारमध्ये ब्रेक म्हणजे उजवा पाय, बास. अचानक काही आडवं आलं की यांचा उजवा पाय जीव खाऊन दाबणार आणि मोटरसायकलवर तो मागचा ब्रेक आहे. ब्रेक मारला की सगळं वजन पुढच्या चाकावर जातं, मागचं हलकं होतं, हलकं चाक लगेच अडकून घसरतं. थांबवायचं बहुतेक काम पुढच्या ब्रेकचं असतं. वर ज्या हर्ट अहवालाचं लिहिलंय त्यात पण हेच दिसलं होतं, संकटात सापडलेले बहुतेक लोक मागचा ब्रेक जास्त मारून घसरले आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. एबीएस असलेली गाडी घ्या असं आग्रहाने सांगेन, पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढंच, पुढचा ब्रेक दाबायची आठवण ते करून देत नाही. ती सवय मैदानात, २० च्या स्पीडला, मग ३० ला, मग ४० ला अशी लावून घ्यावी लागते, आधी हलकेच दाब आणि मग वाढवत जायचं, लिंबू पिळल्यासारखं.

थोडं गणित पण दाखवा त्यांना, कारवाल्यांना गणित आवडतं. ५० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. दिसलं, कळलं, हात हलला यात एक सेकंद गेला तर ते १४ मीटर ब्रेकशिवायच गेले, आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावर सराव असलेल्या हाताने ब्रेक मारला तरी अजून साधारण तेवढेच. नवशिक्याला जास्तच. आणि स्पीड दुप्पट केला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

दुसरी सवय जास्त अवघड आहे. कारमधला माणूस रस्त्यावरच्या इतरांना दिसतो. मोटरसायकलवरचा दिसत नाही. त्याच हर्ट अहवालात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशात चूक समोरच्याची होती, आधी जायचा हक्क मोटरसायकलचा असताना तो मध्ये घुसला होता, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, मला तो दिसलाच नाही. आता गंमत बघा, तुमचे हे २५ वर्षं त्या "दिसलाच नाही" म्हणणाऱ्यांच्या बाजूला बसलेत. त्यांना विचारा, आरशात मोटरसायकल किती वेळा उशिरा दिसलीय तुम्हाला. प्रामाणिक असतील तर जरा गप्प बसतील. मग तिथूनच शिकवणी सुरू करता येईल, प्रत्येक चौकात असं धरून चालायचं की त्या गाडीवाल्याला मी दिसलेलो नाही. नियम माहीत असून इथे काय उपयोग, मोडणारा दुसराच असतो.

हेल्मेटचं वेगळं सांगायला नको पण दोघांचीही घ्या आणि पूर्ण तोंड झाकणारी घ्या. २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्के कमी होतो असं निघालं. गाल दाबले जातील इतकं घट्ट पाहिजे, हलवलं की डोक्यासकट हललं पाहिजे. "थोडं सैल बरं वाटतं" म्हणून घेतलेलं हेल्मेट निघून जातं. आणि एकदा जोरात आपटलेलं पुन्हा वापरायचं नाही, आतलं थर्माकोलसारखं अस्तर एकदाच चेपतं, बाहेरून काही दिसत नाही.

मागे बसण्याबद्दल माझा नियम कडक आहे आणि तो माझा आहे, पुस्तकातला नाही : पहिले हजार किलोमीटर एकट्याने. तुम्ही मागे बसलात की गाडीचं वजन एकदम वाढतं, थांबायला अंतर जास्त लागतं, हळू वेगात तोल डगमगतो, आणि शिवाय "बायको मागे आहे" या विचाराने खांदे ताठ होतात. हजार झाले की आधी रिकाम्या मैदानात बसा. वळताना त्यांच्याबरोबर कला, उलटी कलू नका, वळण ज्या बाजूला त्या खांद्यावरून बघायचं की अंग आपोआप बरोबर जातं. गाडी थांबली तरी पाय फूटरेस्टवरच ठेवायचे. आणि मागून सूचना द्यायच्या नाहीत. हे शेवटचं तुम्हाला जास्त अवघड जाईल असं पत्रावरून वाटतं, क्षमस्व.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा पुरुष, महिनाभर मोटरसायकल शिकतोय. सरळ छान जाते, गिअर पडतात, पण यू-टर्न घेताना हमखास पडतो. काल माझ्या १५ वर्षांच्या मुलासमोर पडलो, तो काही बोलला नाही पण हसू दाबत होता हे दिसलं. एवढं साधं वळण का जमत नाही? सोडून देऊ का?

उत्तर : यू-टर्न साधा नाही हो, सगळ्यात अवघड तोच आहे, फक्त तसं कुणी सांगत नाही. तुम्ही काय करताय ते न बघता सांगते : हँडल वळलेलं असताना घाबरून पुढचा ब्रेक लावताय, आणि बघताय खाली, जिथे पडणार त्या जागेकडे. नजर जाते तिथे गाडी जाते. हँडल वळलेलं असताना हळू वेगात पुढचा ब्रेक लागला की गाडी आतल्या बाजूला धपकन बसते, त्यावर ताकदीचा काही उपाय नाही. वळणात उजव्या हाताची बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून काढूनच ठेवा. थोडी रेस कायम ठेवा, क्लच हाफवर, आणि वेग कमी करायला मागचा ब्रेक पायाने हलकासा. मान पूर्ण फिरवून, हनुवटी खांद्याला लागेल इतकी, जिथून बाहेर पडायचंय तिकडे बघा. मान आखडलेली असेल, या वयात असतेच, तर आठवडाभर आधी मानेचे व्यायाम करा. आधी मोठं वर्तुळ घ्या, दोन्ही बाजूंनी, मग रोज थोडं लहान करत जा. एक बाजू जास्त अवघड जाईल, सगळ्यांनाच जाते, दुप्पट वेळ तिला द्या.

आणि पडलेली गाडी उचलायला पण शिका नाहीतर कंबर जाईल. आधी इंजिन बंद. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे जाणार नाही, आणि गिअरमध्ये असू दे म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला ढुंगण टेकवून बसा, एका हाताने हँडलची जमिनीकडची मूठ, दुसऱ्या हाताने मागची फ्रेम किंवा पकडायची दांडी धरा, पाठ ताठ, आणि पायाच्या जोरावर बारीक पावलं टाकत मागे मागे जात उठा. वाकून ओढू नका. उभी झाली की ब्रेक आणि क्लचची लिव्हर वाकलीय का, हँडल दोन्हीकडे मोकळं फिरतंय का आणि कुठून पेट्रोल-ऑइल गळतंय का बघा आणि मगच स्टार्ट मारा.

सोडून कशाला द्यायचं? मुलगा दोन-तीन वर्षांत स्वतःच शिकायला लागेल, त्याला पण यू-टर्नलाच पडायचंय. तोपर्यंत गाडी उचलायची प्रॅक्टिस त्याच्यासोबतच करा, दोघं असले की बरंच हलकं जातं.